पदवीनंतरची पायरी

रविवारी इशाच्या नमाजनंतर न्यू जर्सीहून मोठ्या आपाचा फोन येतो. तिकडे तेव्हा सकाळ असते. दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी तिचा आवाज उतरलेला होता. "पोरगी म्हणतेय, डॉक्टर व्हायचंय. इतिहासात बीए झाली आणि आता कम्युनिटी कॉलेजात नाव घालतेय!"

इकडे आम्ही बहीणभाऊ फोनभोवती बसलेलो. कुणीतरी म्हणालं, म्हणजे ज्युनिअर कॉलेजच की! आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. पदवीधर मुलगी पुन्हा तिथे? भावाने लगेच लग्नाचा विषय काढला. वर्गात मुलांना "शिकायला वय नसतं" असं रोज सांगणारे आम्ही गप्प बसलो.

मग भाचीनेच फोन घेतला. "खाला, आधी ऐकून तर घ्या."

अमेरिकेत डॉक्टरकीचं शिक्षण सहसा पदवीनंतर सुरू होतं. पदवी कुठल्याही विषयाची चालते. पण जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह झालेले बहुतेक मेडिकल कॉलेजांना लागतात. शिवाय एमकॅट ही प्रवेशपरीक्षा. इतिहासवाल्या मुलीकडे यातलं काहीच नव्हतं. कम्युनिटी कॉलेज तिथे बारावीनंतरचं, दोन वर्षांचं. त्याच भागात राहणाऱ्यांना फी कमी, संध्याकाळचे वर्गही असतात. दुलाभाई टॅक्सी चालवतात. व्याजाचं कर्ज घरात नको, हा त्यांचा हट्ट. इथे एकेका विषयाची फी कमाईतून भरता येत होती. दिवसा दवाखान्यात नोंदणीचं काम, संध्याकाळी वर्ग, असं तिने ठरवलं होतं.

"पण सगळ्या मेडिकल कॉलेजांना हे चालतं का?" आम्ही विचारलं. चालत नाही, ती म्हणाली. काहींना हे विषय चार वर्षांच्या विद्यापीठातच झालेले हवे असतात. तिने एकेका कॉलेजचे नियम वाचून वहीत यादी केली होती आणि नकार देणाऱ्यांची नावं लाल पेनाने खोडली होती. सेंद्रिय रसायन मात्र पुढे विद्यापीठातच करायचं, असं तिने ठरवलं होतं.

पहिल्याच चाचणीत रसायनात ती घसरली. फोनवर रडली. आम्ही काय म्हणालो? "सोड बेटा, तुझ्या नशिबात नसेल." आज ते वाक्य आठवलं की शरम वाटते. वर्गातल्या एखाद्या मुलीला आम्ही असं कधी म्हणालो असतो का?

पुढच्या रविवारी तिनेच सांगितलं, "खाला, घोटाळा रसायनात नव्हता, गणितात होता. लॉगरिदम विसरले होते. सर वर्गानंतर थांबून शिकवतात. वर्गात माझ्या शेजारी एक बाई बसतात, त्यांना नर्स व्हायचंय. त्यांची मुलं कॉलेजात आहेत. त्यांना लाज वाटत नाही, मग मला का वाटावी?"

जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र झालं. या सत्रात ती विद्यापीठात सेंद्रिय रसायन करतेय. एमकॅट अजून बाकी आहे. सीट मिळेलच असं नाही, हे तीही जाणते, आम्हीही.

हल्ली रविवारी लग्नाचा विषय निघत नाही. भाऊच आधी विचारतो, "प्रयोगाचे मार्क आले का गं?" मग आम्ही सगळे मिळून तिच्यासाठी दुआ करतो.