नामकरणाची मिरास

मुलीचे नाव ठेवणे हा आईबापांचा असा एक अधिकार आहे की, ज्याची सनद त्यांना कोणी दिलेली नसते आणि ज्याचा जाबही त्यांना कोणी विचारीत नाही. आणि म्हणूनच तो अत्यंत जपून वापरला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आमच्या वेंगुर्ल्यात पूर्वी मुलीचे नाव पणजीवरून, ग्रामदेवतेवरून, नाहीतर पत्रिकेतल्या चरणाक्षरावरून ठरत असे. आता मुंबईहून बारशासाठी आलेले चाकरमानी जोडपे नाओमी, जिझेल, क्लॉडिया अशी परदेशी मॉडेलांची नावे मनाशी योजून येते. पाळण्यावर ओणवी झालेली आत्या बाळाच्या कानात ते नाव सांगते, आणि ओटीवर घुगऱ्या वाटणारी आजी हात थांबवून म्हणते, ‘‘ह्यां नाव माझ्या तोंडात बसाचां नाय गो.’’ नाव परके आहे म्हणून मात्र मी त्याला हरकत घेणार नाही, कारण ज्या बंदरात वलंदेजांनी सतराव्या शतकात वखार घातली आणि ज्याच्या ख्रिस्ती घरांत परदेशी नावे पिढ्यान्‌पिढ्या मालवणीत हाकारली गेली, त्या गावाच्या जिभेला नवे नाव वळवून घेणे काही अवघड नाही.

माझी चिंता निराळी आहे. लंडनच्या लेस्ली हॉर्नबी ह्या मुलीस १९६६ साली अवघ्या जगाने ‘ट्विगी’ म्हणून डोक्यावर घेतले, ते तिच्या काटकुळ्या देहावरून पडलेले टोपणनाव होते; म्हणजे देह हीच तिची ओळख ठरली. ह्याउलट नाओमी कॅम्पबेल १९८८ च्या ऑगस्टमध्ये ‘व्होग’च्या फ्रेंच आवृत्तीच्या मुखपृष्ठावर झळकणारी पहिली कृष्णवर्णीय मॉडेल झाली, आणि तोवर बंद असलेला एक दरवाजा तिच्या नावाने उघडला गेला. त्या धैर्याकडे पाहून कोणी आपल्या सावळ्या लेकीस नाओमी म्हणत असेल, तर त्या नावास मी आदराने मान लववीन. परंतु गोरेपणाच्या, उंचीच्या आणि कृशतेच्या हव्यासाने निवडलेले नाव मुलीच्या माथी जन्मभराची तुलना मारते. शिवाय आपल्याच मधु सप्रे १९९२ साली बँकॉकच्या विश्वसुंदरी स्पर्धेत तिसऱ्या आल्या आणि उज्ज्वला राऊत पॅरिसच्या फॅशन मंचावर चालल्या, त्या घरी ठेवलेल्या साध्या मराठी नावांनिशीच. नावास तेज चढले ते त्यांच्या कर्तृत्वाने.

तरीही उसन्या नावांची थोरवी मला साताऱ्याने पटविली. मुलगाच हवा असताना जन्मल्या म्हणून ज्यांना ‘नकुसा’ म्हटले गेले, अशा २८५ मुलींचे त्या जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये समारंभपूर्वक पुन्हा नामकरण झाले, आणि त्यांतल्या काहींनी ‘ऐश्वर्या’ हे नाव पसंत केले. ज्यांच्या जन्माचा कोणी आनंद मानला नव्हता, त्या मुलींनी सौंदर्याने आणि कीर्तीने झगमगणारे नाव आपण होऊन उचलावे, ह्यात कोणता उथळपणा? ते आपला हक्क मागून घेणेच होते.

आता आंब्याच्या नावाचा दाखला घ्या: आमच्या वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात नीलम व हापूस ह्यांच्या संकरातून निपजलेला आंबा १९८१ साली ‘रत्ना’ ह्या नावाने बागाइतदारांच्या हाती आला, तो त्याचा गर, साल आणि बाठा वर्षानुवर्षे पारखून झाल्यावर. मुलीच्या बाबतीत ही पारख आधी करता येत नाही. ती कोण होणार हे ठाऊक नसतानाच तिला नाव द्यावे लागते, म्हणून ते नाव म्हणजे तिच्यावर आगाऊ टाकलेला विश्वास असतो.

जन्माची खबर एकवीस दिवसांच्या आत द्यावी लागते, पण नाव मागाहून नोंदविण्याची मुभा कायद्याने ठेवली आहे. तेव्हा घाई करू नये. नाव पॅरिसच्या मंचावरून आणा की ग्रामदेवता सातेरीच्या देवळातून, पण मुलीच्या रंगाविषयीची आणि बांध्याविषयीची आपली अपेक्षा त्या नावासोबत दप्तरी रुजू करू नका, एवढीच प्रत्येक आईबापास माझी कळकळीची विनंती आहे.