शब्दाची परतफेड

निवडणूक आली की गावाचे अंतरंग उघडे पडते. एरवी एकमेकांच्या मयतीला खांदा देणारी माणसे त्या दिवसांत एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जातात. राजकारण म्हटले की दिल्ली अथवा बंगळूर डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ख्रिस्ती माणसाच्या विवेकाची परीक्षा बहुधा घरच्या ओसरीवरच होत असते. अशाच एका ओसरीवर आम्ही कसे नापास झालो, ते आज वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

सन २०२० च्या डिसेंबरात कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्या वेळी आम्ही बेळगाव जिल्ह्यातील एका धर्मग्रामात सेवेस होतो. ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर लढवावयाची नाही, असा कायदा आहे. पण भाषा, भावकी आणि शेताचा बांध हे तीन पक्ष गावात कायमचेच असतात. त्या वर्षी एकाच जागेसाठी आमच्याच धर्मग्रामातील दोन चुलतभाऊ समोरासमोर उभे राहिले.

वेदीवरून आम्ही निवडणुकीविषयी एक अक्षर काढले नाही, आणि याचा आम्हांस थोडा अभिमानही होता. राजकीय पक्षांच्या कार्यात धर्मगुरूने पुढाकार घेऊ नये आणि लोकांत शांती व एकोपा राखावा, असे ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेत सांगितले आहे. तो नियम आपण पाळला, अशी आमची समजूत होती. परंतु एके सायंकाळी एका आजाऱ्यास ख्रिस्तप्रसाद देऊन परतताना आम्ही थोरल्या भावाच्या ओसरीवर चहास थांबलो. बोलता बोलता धाकट्याचा विषय निघाला आणि आम्ही म्हणून गेलो, "ज्याला घरचा हिशेब राखता येत नाही, तो गावचा काय राखणार?" त्याच्या कर्जाची गोष्ट आम्ही कोठेतरी ऐकली होती. ती खरी की खोटी, याची चौकशी करण्याचे कष्ट आम्ही घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य "फादरांनी सांगितले" अशी मोहोर लावून घरोघर हिंडले. धाकटा भाऊ थोडक्या मतांनी पडला. कर्ज त्याने आपल्या आईच्या शस्त्रक्रियेसाठी काढले होते, हे आम्हांस नंतर कळले.

नाताळच्या मिस्सेला त्याची आई देवळात दिसली नाही. २७ डिसेंबरला पवित्र कुटुंबाचा सण होता. आम्ही घराघरांतील समेटावर मोठ्या तळमळीने प्रवचन केले. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध आजी आमच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "फादर, तुम्ही सांगता ते खरंच हो. पण तुमच्या तोंडून गेलेला शब्द आता कोण परत आणणार?" आम्ही काहीतरी पुटपुटलो आणि वस्त्रे उतरवण्याच्या निमित्ताने आत गेलो.

सम्राट थिओडोसियसची कथा आम्ही सेमिनरीत शिकलो आणि पुढे अनेकदा सांगितली. सन ३९० मध्ये थेस्सलोनिका नगरात एका सेनाधिकाऱ्याची हत्या झाली, म्हणून सम्राटाच्या सैन्याने तेथील हजारो नागरिकांची कत्तल केली. मिलानचे बिशप संत अंब्रोज यांनी त्यास पत्र लिहून कळविले की, प्रायश्चित्त केल्यावाचून आपल्यापुढे मिस्साबळी अर्पण करता येणार नाही. सम्राटाने राजचिन्हे उतरवली, देवळात सर्वांदेखत आपल्या पापासाठी अश्रू ढाळले, आणि त्याच वर्षीच्या नाताळात त्यास पुन्हा प्रसादाच्या पंक्तीत घेण्यात आले. ही कथा सांगताना आम्ही नेहमी अंब्रोजच्या बाजूस उभे असू. त्या नाताळात प्रथमच आमच्या ध्यानी आले की, आमची जागा दुसऱ्या बाजूस आहे; आणि आमची अंब्रोज म्हणजे काठी टेकीत आलेली ती आजी.

तरी आठवडे लोटले. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी राखेचा बुधवार आला. महामारीमुळे त्या वर्षी राख मस्तकावर शिंपडावी, अशी रोमहून सूचना होती. लोकांच्या मस्तकांवर राख शिंपडताना आमचा हात जड झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या धर्मग्रामात जाऊन तेथील वयोवृद्ध फादरांपाशी कुमसार केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "जक्कयाने काय केले होते?" आम्ही उत्तरलो, "अर्धी मालमत्ता गरिबांस देऊ केली, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले." ते म्हणाले, "मग तुम्ही एकपट तरी करा. ज्या ओसरीवर शब्द सांडला, तेथूनच वेचावयास लागा."

पापांची क्षमा परमेश्वर देतो; पण दुसऱ्याचे घालविलेले नाव परत करणे हे आपले देणे राहतेच. त्याच सायंकाळी आम्ही प्रथम थोरल्या भावाच्या ओसरीवर गेलो व घरच्या सर्वांसमक्ष सांगितले की, आम्ही बोललो ते चुकीचे होते. मग धाकट्याच्या घरी गेलो. त्याने बराच वेळ आम्हांस बसा म्हटले नाही. अखेरीस म्हणाला, "फादर, मतं गेली ती गेली. पण आई दोन महिने रडते आहे, ते तिला सांगा." माउली आत चुलीपाशी होती. आम्ही तिची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. तिने चहाचे आधण ठेवले. पुढील रविवारी प्रवचनापूर्वी, कोणाचेही नाव न घेता, ऐकीव गोष्टीवरून बोलून आम्ही एका बांधवाचा अपराध केला, असे आम्ही सर्वांपुढे कबूल केले. सगळा गाव काय ते समजला. माउली त्या दिवशी मागच्या बाकावर होती.

दोघे भाऊ अद्याप पूर्वीसारखे बोलत नाहीत. सांडलेले सारेच वेचता येत नाही.

प्रिय वाचकहो, निवडणुका पुन्हा येतील. मत अवश्य द्या, उमेदवारही व्हा. गावाचा कारभार सचोटीने पाहणे ही शेजारप्रीतीच आहे. पैशाने अथवा बाटलीने मत विकणे हे पाप, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या यादीत चहाच्या कपाबरोबर सुटलेला शब्दही लिहून ठेवा. कुमसारास जाताना "मी काय केले" एवढेच आठवू नका. "मी कोणाचे काय परत करावयाचे राहिले आहे" हेही स्वतःस विचारा. आणि उत्तर मिळाले, तर आमच्यासारखे दोन महिने थांबू नका.