उमेदवारी

नव्या माणसास कामात कसे तयार करावे, याविषयी इंदूरच्या कचेरीत उमेदवार हाताखाली घेता घेता माझे असे मत बनले की, त्याला पहिल्या दिवसापासून खरेच काम द्यावे. मात्र ते अशा ठिकाणी द्यावे की, जेथे त्याची चूक दृष्टीस पडेल, पण तिची झळ रयतेला लागणार नाही.

मराठी दफ्तरांतील उमेदवारीचा जुना शिरस्ता याच तत्त्वावर उभा होता. उमेदवार प्रथम कागदावर रेघ ओढून तिच्याखाली बोरूने मोडी अक्षर वळवी. मग मुरब्बी कारकुनाशेजारी बसून नकला करी, आणि एकाने मूळ वाचावे व दुसऱ्याने नकलेवर नजर ठेवावी, अशी रुजुवात होई. मसुदा त्यानंतर, आणि हुकमाचा शेरा सर्वांच्या शेवटी. या पायऱ्या कामाच्या काठिण्यावरून नव्हे, तर चुकीच्या किमतीवरून पाडलेल्या होत्या: नकलेतील चूक रुजुवातीत सापडते, मसुद्यातील वरिष्ठांच्या हाती, शेऱ्यातील चूक मात्र थेट अर्जदाराच्या घरात जाऊन बसते. उमेदवारी बहुधा बिनपगारी असल्यामुळे गरिबाच्या मुलाला ती परवडत नसे, हा तिच्यातील अन्याय; त्याचे समर्थन मी करणार नाही.

तिच्यात आणखी एक उणीव होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांनी नवख्या कामगारांसाठी चार पायऱ्यांची पद्धत रूढ केली: शिकणाऱ्याची मनोभूमी तयार करणे, काम दाखविणे, करवून घेणे आणि मागाहून लक्ष ठेवणे. आमचे मुरब्बी मधल्या दोहोंत निष्णात; पण हे काम कशासाठी, हे सांगणे त्यांना अनावश्यक वाटे. वास्तविक ‘दासबोधा’च्या 19व्या दशकात लेखनाविषयी सांगताना समर्थांनी कागदाच्या कडा मोकळ्या सोडावयास सांगितल्या, त्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये म्हणून. नियमासोबत त्याचे कारणही देण्याचा हा धडा आमच्या घरोघरी होता. कचेरीत मात्र तो क्वचितच पोहोचला.

1948 साली होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदुरास राहू लागली. नमुने, हुद्दे, वरिष्ठ, सारेच पालटले. तेव्हा ज्यांना केवळ नमुना पाठ होता ते नव्या नमुन्यापुढे हतबल झाले, आणि ज्यांना त्यातील प्रत्येक रकान्याचे प्रयोजन ठाऊक होते त्यांनी थोड्याच अवधीत आपले बस्तान बसविले. त्या दिवसांपासून मी उमेदवाराला कागद देतो, तेव्हा तो कोणाच्या अर्जावरून निघाला व कोणाच्या हाती जावयाचा आहे, हे आधी सांगतो आणि नंतरच लिहावयास बसवितो.