सरगॅसम, डॉल्फिन आणि साधर्म्याचा प्रश्न

अलंकार शिकवताना उपमेय आणि उपमान यांत साधर्म्य हवे, हे आपण मराठीचे अध्यापक वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. साधर्म्य कशाचे, रूपाचे की कुळाचे, हा प्रश्न मात्र सहसा बाजूला राहतो. मालवणच्या समुद्रातल्या दोन जीवांनी मला तो बाजूला ठेवू दिला नाही. एक सरगॅसम हे तपकिरी शेवाळ आणि दुसरा पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन.

गडचिरोलीच्या माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला नाही. शेवाळ म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे बोडीतले, मामा तलावातले हिरवे बुळबुळीत शेवाळ उभे राहते. त्यांचा काय दोष? भाषेने शब्दच एक दिला आहे. वस्तुतः ते हिरवे शेवाळ बांधापलीकडच्या धानाचे दूरचे भाऊबंद. सरगॅसम मात्र त्या कुळातले नव्हेच. प्रकाशावर जगण्याची त्याची विद्यासुद्धा मुळात लाल शेवाळाकडून आलेली, म्हणजे उसनवारीची. त्याचे खरे सगोत्र बोडीत शोधायचेच तर दगडावरचा तपकिरी थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा आणि त्यातले डायटम पाहावेत.

डॉल्फिनची कथा याहून चमत्कारिक आहे. त्याला लोक सर्रास मासा म्हणतात. पण तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी त्याचे खुरवाले पूर्वज जमीन सोडून पाण्यात उतरले. काश्मीरमध्ये सापडलेल्या इंडोहायस या लहानशा प्राण्याच्या जीवाश्मांच्या अभ्यासातून २००७ साली या नात्याला मोठा आधार मिळाला. म्हणजे ताडोबातल्या चितळाला वाघापेक्षा डॉल्फिन जवळचा! (वर्गात हे सांगितल्यावर कोणीही विश्वास ठेवत नाही.)

मग या दोघांत साधर्म्य ते कोणते? हवा. सरगॅसम खडकाला घट्ट धरून राहते आणि अंगावरच्या वायूच्या बारीक फुग्यांनी उजेडाकडे ताठ उभे राहते. डॉल्फिनला दर काही मिनिटांनी वर यावेच लागते, झोपेतसुद्धा. त्यासाठी त्याचा निम्मा मेंदू जागा राहतो. उपमेला एवढे पुरेसे आहे, कारण उपमा कुळ विचारत नाही.

आपली नजरही विचारत नाही. डॉल्फिन दाखवायला मालवणात होड्या निघतात. ज्याच्या आडोशाला लहान मासे वाढतात त्या सरगॅसमसाठी कोणी तिकीट काढत नाही. ताडोबात जिप्सीत बसलेल्यांना तरी गवत कुठे दिसते? चितळ त्याच गवतावर जगते आणि वाघ चितळावर.