घाटात गाडी का रुसते?

खोपोली मागे पडली, की जुना मुंबई-पुणे रस्ता चढाला लागतो. १८३० मध्ये हा बोरघाट गाड्यांसाठी खुला झाला, तेव्हा त्या गाड्या बैलांच्या नि घोड्यांच्या होत्या. पुढे फियाट आणि अँबेसिडर आल्या, तरी वळणावर थांबून विसावा घेण्याची रीत काही मोडली नाही. मे महिन्याच्या सुट्टीत कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या इथे हमखास दिसत. आई मुलांना सावलीत धरून बसलेली आणि बाबा पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवताहेत!

त्या फडक्यात शहाणपण होते. जुन्या गाडीचा पंप इंजिनालाच जोडलेला असतो. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये चढताना इंजिन तापते, वेग कमी म्हणून वारा लागत नाही, आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ नाही. कार्बोरेटरची वाटी रिकामी होते, गाडी गचके देते नि थांबते. पंप निवला, की पुन्हा पेट्रोल चढू लागते. अर्धा तास नुसते थांबले तरी हेच साधते. फडक्याने घाई भागते, इतकेच.

आजही हौसेने जपलेली जुनी गाडी घेऊन या रस्त्याने जाणारी मंडळी आहेत. गाडी बंद पडली, तर आधी ती कडेला घ्या, मागच्या चाकाला दगड लावा आणि मुलांना रस्त्यापासून दूर बसवा. इंजिन निवल्यावर, ते बंद असतानाच एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहा आणि कुणाला तरी अॅक्सिलरेटर एकदा दाबायला सांगा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली, तर वाटीत पेट्रोल आहे. मग प्लग आणि पॉइंटकडे वळा. धार नाही, तर पेट्रोल वाटेतच अडले आहे. टाकीचे झाकण उघडून पाहा. ‘फुस्स’ आवाज करून हवा आत गेली, तर झाकणाचे बारीक भोक बुजलेले असते. पंप गाळणीतून पेट्रोल ओढू शकत नसेल, तर गाळणी बदला. ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल, तर पंपाचा पडदा फाटल्याचा दाट संशय घ्यावा. मग गाडी ओढूनच न्यावी.

उलट काळा धूर आणि पेट्रोलचा भपकारा आला, तर वाटीतली सुई बसत नाही. कचरा अडकला असेल, तर पान्याच्या दांड्याने वाटीवर हलकेच टकटक केल्याने कधी कधी सुटतो. गाडी उभी असताना चालते, पण चढावर दम सोडते? मोठ्या जेटमध्ये कचरा आहे का, ते फिटरकडून पाहून घ्या.

एक गोष्ट मात्र करूच नका. सेल्फ मारता मारता कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतण्याची खोड जुन्या ड्रायव्हरांना होती. इंजिनने उलटा भडका मारला, तर बाटलीसकट हात पेटतो.

याच चढावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा सांगतात. येणारे-जाणारे ड्रायव्हर तिथे नाणे टाकतात. पुढचा अमृतांजन पूल मात्र २०२० मध्ये पाडला गेला.

आता एक नवी काळजी आहे. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि ओल धरते. महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते राहिले, की गंज व कचरा वाढतो. तेव्हा सुट्टीआधी रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि गाळणी इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, आणि टाकीत जुने पेट्रोल पडून असेल तर ते काढून टाका. सामानाच्या डिकीत पाण्याचा कॅन नि एक जाड सुती फडके असू द्या.