हौस फिटली?

म्हातारी माणसे दुखणे सांगत नाहीत. हौस फिटली म्हणतात. आमच्या आईने दोन उन्हाळे गच्चीवर वाळवणे घातली नाहीत, तेव्हा तीही हेच म्हणाली. खरे दुखणे गुडघ्यांत होते. "वयाचंच आहे, डॉक्टर काय करणार?"

डॉक्टरांनी तिला उभे करून एक्स-रे काढला. हाडांमधली कूर्चेची गादी झिजली होती. ती पुन्हा भरून येत नाही, हे त्यांनी लपवले नाही. पण मांडीचे स्नायू बळकट झाले, वजन उतरले, की वेदना कमी होतात. १ किलो उतरले, तर पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे ४ किलोंचा भार हलका होतो म्हणे! शस्त्रक्रियेचे एवढ्यात नाव नको.

"मग गच्ची चढता येईल?" आईने हळूच विचारले. हौस कसली फिटतेय!

सध्या ती खुर्चीत बसून पाय सरळ ताणते नि आकडे मोजते. माझ्या दुसरीच्या पोरांहून मोठ्याने.