रिकाम्या बशीवरची फुंकर

पितळेची एक किटली माझ्याजवळ आहे, पेरूएवढी. झाकणाची साखळी तुटलेली, तोटी एका बाजूला चेपलेली. दर दिवाळीच्या आधी मी ती चिंच लावून घासते. आजोबांनी रांजणगावच्या यात्रेतून माझ्यासाठी आणली, तेव्हा मी पाच वर्षांची होते.

वडील रेल्वेत असल्यामुळे आमचं बालपण दौंडच्या क्वार्टरमध्ये गेलं. पुणे, सोलापूर, मनमाड, बारामती, चारी वाटांच्या गाड्या तिथे एकत्र येतात. शंटिंगचे आवाज ऐकत आम्ही झोपी जायचो. आजोळ मात्र शिरूरला, घोडनदीच्या काठी, आणि तिथे रेल्वे जात नाही. मे महिन्यात एसटीने पाटस, चौफुला, न्हावरा करत धुळीने माखून पोचलं, की त्याच संध्याकाळी फडताळातून भातुकलीची करंडी खाली यायची.

करंडीत जातं, चूल, परात, पोळपाट-लाटणं, बंब आणि माझी किटली. चहा गुळाच्या पाण्याचा, सोबत चुरमुरे नि शेंगदाणे. पाहुण्यांत एक चिंध्यांची बाहुली, एक लाकडी घोडा, आणि मामीने जुन्या गोधडीच्या तुकड्यात कापूस भरून शिवलेला हत्ती. त्याचे डोळे म्हणजे शर्टाची दोन बटणं, एक पांढरं, एक काळं. तो जड होता आणि नीट बसायचा नाही, म्हणून त्याला भिंतीशी टेकवून ठेवावं लागे. चहा पहिल्यांदा त्याला.

सगळ्यात मोठी पाहुणी म्हणजे आजी. हातातलं काम संपवून, पदर सारखा करून ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि विचारायची, "येऊ का?" आम्ही "या, या" म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही. मांडी घालून बसायची, तो एवढासा कप दोन बोटांत धरायची, सावकाश ओठाला लावायची. कितीदा तरी गुळाचं पाणी संपलेलं असे आणि कप कोरडा असे. आजी तोही तेवढ्याच निवांतपणे प्यायची. मग म्हणायची, "वेलदोडा घातलायस वाटतं." हे म्हणताना तिच्या चेहऱ्यावर हसू नसायचं. आमचा चहा तिने कधीही खोटा ठरवला नाही.

आजीचं लग्न नवव्या वर्षी झालं. एकदा तांदूळ निवडता निवडता तिने मला सांगितलं, की सासरी निघताना बाहुली माहेरच्या कोनाड्यातच राहिली. परत गेली तेव्हा धाकट्या बहिणीने ती घेतली होती, आणि आता आपण मोठ्या झालो असं समजून आजीने मागितली नाही. पुढे 1929 साली शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचं वय निदान 14 असलं पाहिजे असं ठरलं, तोवर आजीच्या मांडीवर दोन मुलं होती. लहानपणी मला वाटायचं, आजी आमचं मन राखायला येते. आता कळतं, ती तिचा अर्ध्यावर राहिलेला डाव पुरा करायला येत होती.

शिरूरच्या वाटेवर चौफुल्याला एसटी थांबायची. तिथून केडगाव जवळच. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, एवढंच तेव्हा माहीत होतं. बाकीचं पुढे वाचलं. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथे राहून त्यांनी फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली. परत आल्यावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. 1896-97 च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुलींना त्यांनी केडगावला आणलं. फ्रोबेल मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूंना 'भेटी' म्हणत असे, आणि त्याची पहिली भेट होती लोकरीचे मऊ चेंडू. बालविधवांसाठी घर उभारायला निघालेली ही बाई आधी मुलांचा खेळ शिकून आली होती, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. माझी आजी केडगावपासून काही कोसांवरच वाढली. कोनाड्यातल्या त्या बाहुलीची किंमत जाणणारं माणूस इतक्या जवळ होतं.

आता मी शिरूरलाच राहते. रांजणगावच्या एमआयडीसीमुळे आमच्या इमारतीत कुठकुठची कुटुंबं आली आहेत, बीडची, लातूरची, बिहारची. महिन्यातून एका शनिवारी मी मुलांना निरोप धाडते, "तुमच्या बाहुल्यांना घेऊन चहाला या." सतरंजी अंथरते. कोमट दुधात चिमूटभर जायफळ, वाटीत चुरमुरे, ताटलीत गुळाचे खडे. ससे येतात, अस्वलं येतात, एक मळका जिराफ येतो. ज्याच्याकडे कुणी नसतं, तो टॉवेलला गाठी मारून उंदीर करतो, आणि त्या उंदरालाही पाट मिळतो. नेम एकच, आधी पाहुण्यांना वाढायचं, मग आपण घ्यायचं.

हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही. जेवणाआधी गाईचा घास काढून ठेवणारी घरं आपली. पोळ्याला ज्यांच्या दावणीला बैल नाहीत, ते मातीच्या बैलांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. मातीचा बैल खात नाही हे घरात सगळ्यांना माहीत असतं, तरी पोळी गरमच वाढतात. मुलाला दिवसभर कुणीतरी भरवत असतं, दटावत असतं, "लवकर संपव" म्हणत असतं. भातुकलीत पहिल्यांदा तो यजमान होतो. ज्याला मागता येत नाही, त्याला काय हवंय हे ओळखायची जबाबदारी त्याच्यावर येते. या खेळाला संसाराची तालीम म्हणतात. मला ती माया करण्याची तालीम वाटते, आणि ती मुलग्यांनाही तेवढीच लागते.

गेल्या खेपेला चार वर्षांची एक मुलगी नव्यानेच आली होती. वडील कारखान्यात पाळीवर जातात. मराठी अजून तिच्या जिभेवर बसायची होती, म्हणून ती गप्प होती. कान उसवलेलं अस्वल तिने मांडीवर घेतलं होतं. मी पितळी किटली तिच्यापुढे ठेवली. तिने ती दोन्ही हातांनी उचलली, बशीत ओतली. किटलीत काहीच नव्हतं. मग ती बशी तोंडाजवळ नेऊन तिने हळूच फुंकर घातली. एकदा, दोनदा. ओठ लावून पाहिला. अजून गरम होता बहुतेक, कारण तिने परत फुंकर घातली, आणि मगच बशी अस्वलाच्या तोंडाला लावली.

मी बघत राहिले. तिच्या घरी कुणीतरी पाळीवरून येऊन, दमलेल्या श्वासाने, तिच्या दुधावर अशीच फुंकर घालत असणार. त्याशिवाय ती फुंकर तिच्या ओठांवर आली नसती.

अस्वलाचं झाल्यावर ती उठून माझ्याकडे आली आणि बशी पुढे केली. मी पदर सारखा केला. दोन्ही हातांनी बशी घेतली, सावकाश प्यायले, आणि म्हटलं, "वेलदोडा घातलायस वाटतं."

तिने मान हलवली. "नाही. आलं."